निळा अंगठा, हट्टी चावी

१

सकाळी मी माझ्या हातांनी म्हाताऱ्यांचे हात छातीवर ठेवले, तेव्हा डावा अंगठा स्वच्छ होता. दुपारी तोच अंगठा शाईने निळा झाला होता. मधला सगळा वेळ म्हातारे माझ्या गाडीत, थंड पेटीत, काचेच्या झाकणाखाली निजलेले. आणि गाडीला कुलूप.

मेलेली माणसं काय काय करतात ते मी पुष्कळ पाहिलंय. कुणाचं पोट बोलतं, कुणाचा डोळा कितीदा मिटवला तरी उघडतो. पण उठून शाईचा पॅड शोधणारे हे पहिलेच.

मी शववाहिका चालवतो. लोक मला ‘शेवटचे मामा’ म्हणतात. धंदा झकास आहे. गिऱ्हाईक मागच्या सीटवरून सूचना देत नाही, आणि उतरल्यावर तक्रारही करत नाही. तक्रारी असतात त्या नातेवाइकांच्या.

अंगठा पहिल्यांदा दिसला थोरल्या मुलाला. तो लांबच्या शहरातून येणार होता, त्याच्यासाठीच सगळे थांबले होते. थंड पेटी गाडीतच पक्की बसवलेली, म्हणून म्हाताऱ्यांना घरात न नेता घरामागच्या बोळात, गाडीतच ठेवलं होतं. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस पडत नव्हता. भरदुपारी दिवे लावावेत असा उजेड.

शेवटच्या दर्शनाला सगळे बोळात येत होते, तेव्हा मी मागचं दार उघडून ठेवलं. थोरला काचेवर वाकला आणि तसाच थांबला.

“बाबांच्या अंगठ्याला हे काय आहे?”

शाई अशी चकाकत होती, की न दिसायला आंधळं असावं लागलं असतं. थोरला सावकाश वळला आणि त्याने बहिणीकडे पाहिलं.

नुकताच पुढच्या खोलीत तिने भावांना आणि वकीलकाकांना मृत्युपत्राचा कागद दाखवला होता. बाबांनी घर तिच्या नावावर केलेलं. लकव्याने त्यांचा उजवा हात कधीच गेला होता, त्यामुळे खाली सहीऐवजी डाव्या हाताचा अंगठा.

“आता कळलं कागद कुठून आला ते,” थोरला म्हणाला. “मेलेल्या बापाचा अंगठा उठवलास? लाज नाही वाटली?”

ताई भिंतीसारखी पांढरी पडली. “दादा, बाबांनी जिवंतपणी दिलाय तो.”

“हो का? मग शाई आज कशी ओली?” तो माझ्यावर गुरकावला. “मामा, गाडीची चावी कुणाकडे होती?”

“माझ्या जाकिटात. जाकीट तुमच्या पॅसेजमधल्या खुंटीवर. आणि मी तुमच्या सोफ्यावर घोरत होतो.”

“म्हणजे कुणीही घेऊन उघडू शकतं.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ म्हणजे ब्रेक नसलेली हातगाडी.

“छ्या!” मी हसलो. “चावी घेऊन काय करणार? माझी गाडी परक्याला उघडतच नाही. तिची खोड मला माहीत, नाहीतर आज सकाळी…”

आणि मी थांबलो. सगळे माझ्याकडे बघत होते.

“सकाळी काय?”

“सकाळी मी ताईंना शिकवली,” मी म्हणालो.

२

आता ती खोड सांगतो, कारण सगळं तिथेच अडलंय.

माझी चावी रिमोटची, पण आत बटणाखालचा टाका सुटलेला. सेल बदलून झाला, कव्हर बदलून झालं, दाताखाली धरूनही झालं. नुसतं ‘उघड’चं बटण दाबाल तर काही होत नाही. घाबरून भराभर दाबाल तर हॉर्न बोंबलतो. आधी ‘बंद’चं बटण दाबायचं, मग ‘उघड’चं दाबून धरायचं, आणि धरलेलं असतानाच मागच्या दाराला गुडघ्याने दणका द्यायचा. मग दार सुटतं. चावीचं लोखंडी पातं फिरवून ड्रायव्हरचं दार उघडता येतं, पण केबिन आणि मागची पेटी यांच्यामध्ये पत्र्याची भिंत आहे. त्या वाटेने फार तर माझी पाण्याची बाटली चोरता येईल.

बायकोकडे दुसरी चावी आहे. ठणठणीत. पण मी एक हरवल्यापासून ती मला हात लावू देत नाही.

सकाळी ताई बाबांचा चष्मा घेऊन आली. “मामा, हा त्यांच्याजवळ राहू दे ना. चष्म्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.” डोळे रडून सुजलेले. दोन वर्षं नोकरी सोडून बापाची सेवा केलेली बाई. नवऱ्याने कधीच टाकलेलं. तळमजल्यावरची ती खोली सोडली तर जगात तिला दार नाही. मला म्हणाली, “मीच ठेवते, मला शिकवा.” म्हणून शिकवलं. गंभीर चेहऱ्याने सांगितलं, “गाडी म्हातारी आहे, ताई. आधी पुढे जाऊन बॉनेट थोपटायचं, बैलाला थोपटतात तसं. लाड केल्याशिवाय ऐकत नाही. मग मागे यायचं, बंद, उघड, गुडघा.” तिने तसंच केलं. दार उघडलं. आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच तिच्या तोंडावर काहीतरी हसल्यासारखं उमटलं. मी चहा प्यायला आत गेलो. ती चष्मा ठेवून, गाडी बंद करून, चावी जाकिटात टाकून गेली.

आणि आता तोच धडा तिच्या गळ्याशी आला होता.

“पोलीस बोलावतो,” थोरला म्हणाला.

“दादा, नको.” हा धाकटा. तो वरच्या मजल्यावर राहायचा. हळू बोलणारा, कुणाचंही काम न सांगता करणारा माणूस. सकाळपासून खुर्च्या त्याने मांडल्या, फोन त्याने केले, फुलं त्याने आणली. “बाबा अजून दारात आहेत. त्यांच्यासमोर पोलीस? ताई, तू कागद फाड. विषय संपला. घर विकू आणि तिघांत वाटून घेऊ. मी तुला एक शब्द बोलणार नाही.”

ताईने कागद छातीशी धरला होता. “फाडला तर मी चोर ठरेन.”

“नाही फाडलास तरी ठरशील,” थोरला म्हणाला. “गाडी हलायच्या आत काय ते ठरव. एकदा बाबा गेले की पुरावाही गेला. त्याआधी मी फोन लावणार.”

दोघे भाऊ आत गेले. ताई माझ्यासमोर उभी राहिली.

“मामा,” ती म्हणाली, “तुम्ही खरं तेच बोललात. पण त्याने मी मेले.”

मी टोपी काढून डोकं खाजवलं. लोकांची फजिती करण्यात आयुष्य गेलं, पण रडणाऱ्या बाईची फजिती मी कधी केलेली नाही. “थोडा वेळ द्या,” म्हटलं. “मला चार जणांशी गप्पा मारायच्यात. गप्पा मारायचा मला पगार मिळत नाही, पण मी रोज जादा ड्यूटी करतो.”

३

पहिल्या गप्पा ताईशीच. ती बाबांच्या रिकाम्या खाटेवर बसली होती. उशीला अजून खळगा होता.

“साक्षीला कोण होतं?”

“रोजची नर्स आणि शेजारच्या आजी.”

“आजींना दिसतं का?”

“धड दिसत नाही. पण ऐकू सगळं येतं. सोफ्यावरचं तुमचं घोरणं त्यांनी पलीकडून ऐकलं.”

“म्हणजे साक्षीदार भारी आहे. नर्स कुठेय?”

“तिने दुसरीकडे काम धरलं. दादा म्हणतो, दोघींना मी फितवलं.” ती उशीवरून हात फिरवत होती. “बाबांनी माझ्याकडून पॅड मागून घेतला. म्हणाले, पोरी, तुझ्या डोक्यावरचं छप्पर तरी राहू दे. मी अंगठा साबणाने धुतला. नखं कापली.”

“गाडी उघडायची रीत कुणाला सांगितलीस?”

“कुणाला सांगणार? माझ्याशी बोलतंय कोण?”

“शाईचा पॅड कुठे असतो?”

“बाबांच्या टेबलाच्या खणात. सगळ्यांना माहीत आहे.”

थोरला पुढच्या अंगणात येरझाऱ्या घालत होता. मला बघून म्हणाला, “तुमचं भाडं मिळेल, काळजी करू नका.”

“भाड्याचं नाही. तुम्ही आल्यापासून बाबांना बघेपर्यंत कुठे होतात?”

“माझ्यावर संशय?” तो खेकसला.

“माझा सगळ्यांवर असतो. घरी बायको मीठ कमी घालते, तेव्हा तिच्यावरपण.”

तो हसला नाही. “इथेच होतो. अंगणात. आत जायचं धाडस होत नव्हतं. ताईने कागद दाखवायला बोलावलं तेव्हाच गेलो.” मग म्हणाला, “बाबांशी शेवटचं कधी बोललो ते आठवत नाही मला. फोन करणार होतो या आठवड्यात.” त्याने तोंड फिरवलं. “करा की पोलिसांना फोन! मीच सांगतो करा. ज्याने कुणी त्यांच्या हाताला हात लावला, त्याला मी सोडणार नाही. बहीण असली तरी.”

“अंगणात तुम्हाला कुणी पाहिलं?”

“नाही.”

तिसरा धाकटा. तो जिन्याखाली फुलांचे देठ छाटत बसला होता. एवढ्या गडबडीतही खाली कागद पसरलेला, एक पान इकडे-तिकडे नाही.

“मामा, चहा झाला का तुमचा?”

“झाला. तुम्ही झकास माणूस आहात बघा. सगळे ओरडतायत आणि तुम्ही चहाचं विचारताय.”

“कुणीतरी करायला हवं.” त्याने देठ कापला. “ताईवर मला राग नाही. दोन वर्षं तिने काढली आहेत. मोह होतो माणसाला.”

“म्हणजे तिनेच केलं म्हणता.”

“दुसरं कोण? दादा तर नंतर आला. आणि मला तुमची गाडी उघडते कशी तेसुद्धा माहीत नाही. ताईने चष्मा ठेवला तेव्हा मी घरातच नव्हतो, फुलं आणायला गेलो होतो.”

“वरून खाली यायला हा एकच जिना?”

“हो. का?”

“काही नाही. गुडघे दुखतात माझे.”

मी तो जिना चढलो. मधल्या वळणावर एक खिडकी होती, दुधी काचेची. एका कोपऱ्यात काच फुटलेली आणि तिथे पुठ्ठा लावलेला. मी पुठ्ठा जरा सरकवून डोळा लावला.

खाली बोळ. आणि बोळात माझी गाडी, बॉनेटपासून शेपटीपर्यंत, ताटात वाढल्यासारखी.

पुठ्ठ्याच्या कडेवरची धूळ माझ्या आधीच कुणीतरी पुसली होती. पण त्या जिन्याने सगळेच ये-जा करत होते. धुळीवरून फार तर घराची बाई बोलणी खाते. फासावर कुणी जात नाही.

४

“काका, तुमचा अंगठा द्या,” मी वकीलकाकांना म्हणालो.

ते बाबांचे जुने मित्र. पुढच्या खोलीत एकटेच बसले होते, समोर बंद पडलेल्या टीव्हीकडे बघत. “माझा? मी अजून आहे रे.”

“म्हणूनच मागतोय. नसतात तर विचारलं नसतं.”

मी बाबांच्या खणातून पॅड आणला. त्यांचा अंगठा शाईत दाबला, मग रद्दी पेपरच्या कोऱ्या कडेवर टेकवला. “आता अंगठा बघा.”

त्यांनी चष्मा वर सरकवला. अंगठ्याच्या मधोमध शाई फिकी झाली होती, ती कागदाने ओढून घेतली होती. रेषा वेगवेगळ्या दिसत होत्या. कडेला मात्र तशीच गर्द.

“चला आता मागे बोळात.”

आम्ही गाडीशी गेलो. मी रोजचा दणका देऊन दार उघडलं, काचेचं झाकण वर केलं. गार वाफ अंगावर आली. काकांनी मित्राच्या हाताकडे पाहिलं. मी त्यांना वेळ दिला. मेलेल्याकडे बघताना जिवंत माणूस हिशेब विसरतो, हे मला रोजचं आहे.

“मधोमध बघा,” मी म्हणालो.

मधोमध शाई सगळ्यात दाट होती. रेषा बुजलेल्या. नखावरसुद्धा आलेली. जसा चुना फासतात तशी फासलेली.

काका आणखी खाली वाकले. मग म्हणाले, “हा अंगठा कागदाला टेकलेलाच नाही.”

“आता पुढचं तुम्ही सांगा, काका. मी बोललो तर लोक म्हणतात, मामाची मस्करी.”

“ठसा घ्यायला आलेला माणूस ठसा घेतो आणि शाई पुसतो,” काका हळूहळू म्हणाले. “चोर चोरी करून दारावर पाटी लावत नाही. इथे ठसा घेतलाच नाही. शाई फक्त…” त्यांनी मान वर केली. “शाई फक्त दिसावी म्हणून लावली.”

“कुणाला दिसावी म्हणून?”

“सगळ्यांना. म्हणजे खरा कागद खोटा वाटावा. म्हणजे ज्याने हे केलं, त्याला तो कागद खराच आहे हे माहीत होतं!” त्यांनी झाकणाची कड घट्ट धरली. “ताईला हे करण्याचं कारणच नाही. कारण दोघांनाच आहे.”

“दोन मुलगे.”

“पण मामा, ताईने मुद्दाम अशी फासली असेल, असंही थोरला म्हणेल. गाडी तिलाच उघडता येते, असं तूच सगळ्यांसमोर सांगितलंस. दोघांपैकी कुणी आणि कसं उघडलं, ते दाखवल्याशिवाय हे सगळं हवेतलं आहे.”

आतून थोरल्याचा आवाज आला. तो ताईला शेवटचं विचारत होता.

मी खिशातून मोबाइल काढला आणि आयुष्यात क्वचित करतो ते केलं: बायकोला गोड बोललो.

५

बायको स्कूटरवर आली. हेल्मेट न काढताच म्हणाली, “पुन्हा हरवलीत ना?”

“नाही गं. ही बघ. आता मला तुझी दे.”

“कशाला?”

“एका माणसाला मूर्ख बनवायचंय.”

“मग घरातली चावी कशाला लागते तुम्हाला? ते तर बिनचावीचं करता.” पण माझा चेहरा बघून तिने चावी दिली. “सांभाळून. आणि आत त्या बाईला छळू नका.”

मी दोन्ही चाव्यांची कव्हरं अदलाबदल केली. आता माझ्या फाटक्या चामडी कव्हरात बायकोची ठणठणीत चावी होती. एकदा बटण दाबलं की दार सुटणार. ना दणका, ना लाड. बाहेरून बघणाऱ्याला तीच जुनी, हट्टी चावी.

आधी थोरल्याला गाठलं. “पोलिसांना फोन करायच्या आधी एक काम करा. गाडीत पायाशी घडी केलेली पांढरी चादर आहे, ती आणा. चावी जरा नखऱ्याची आहे, बघा उघडली तर.”

तो कुरकुरत गेला. मी जिन्याच्या वळणावरून पुठ्ठ्यातून पाहिलं. तो सरळ मागच्या दाराशी गेला, बटण दाबलं, दार सुटलं, चादर घेतली, परत आला.

“कसली नखऱ्याची?” त्याने चावी माझ्या हातावर आपटली. “एकदा दाबली आणि उघडली. उगाच आमच्या घराला आग लावलीत तुम्ही.”

“मग आग विझवायला वर चला,” मी म्हणालो. “वळणावर काका आणि ताई उभे आहेत. तिथे उभे राहा, खिडकीतून बघा, आणि काहीही झालं तरी तोंडातून आवाज काढू नका. नंतर माझ्यावर ओरडायचंय तेवढं ओरडा.”

बहुतेक माझ्या आवाजात मस्करी नव्हती म्हणून तो घाबरला असावा. तो गेला.

मग मी स्वयंपाकघरात धाकट्याकडे गेलो. त्याचे देठ छाटून झाले होते, कचरा पुडीत बांधून झाला होता.

“तुमच्याशिवाय कुणाला सांगू?” मी म्हटलं. “बाबांचा चष्मा तेवढा काढून आणा. काचेला टेकून फुटेल. दादांनी आत्ताच चादर आणली, त्यांना उघडली गाडी.”

“दादाला उघडली?” तो क्षणभर थांबला.

“उघडली की.”

त्याने चावी घेतली. मी मोरीकडे गेल्यासारखं केलं आणि तो बाहेर पडताच जिना चढलो. माझे गुडघे खरंच दुखतात, हे त्या दिवशी मला कळलं.

फुटक्या काचेशी आम्ही चौघं. ताईचा श्वास मला मानेवर जाणवत होता.

धाकटा बोळात आला. त्याने मागे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग तो मागच्या दाराकडे गेला नाही.

तो गाडीच्या पुढे गेला आणि त्याने बॉनेट थोपटलं.

६

बैलाला थोपटतात तसं. हलक्या हाताने, अगदी ताईने थोपटलं होतं तसं.

मग मागे आला. ‘बंद’चं बटण दाबलं, दिवे लुकलुकले. ‘उघड’चं दाबून धरलं आणि गुडघा उगारला. पण चावी बायकोची होती. दार केव्हाच सुटून वर गेलं होतं. त्याचा गुडघा हवेतच गेला आणि तो तोल जाऊन थंड पेटीवर, बापाच्या पायांशी, दोन्ही हात टेकून पडला.

“बॉनेट का थोपटलं त्याने?” थोरला कुजबुजला.

“कारण मी सकाळी ताईंना तसं सांगितलं होतं,” मी म्हणालो. “बंद, उघड, गुडघा हे खरं. बॉनेट थोपटायचं मी मनचं घातलं. त्या रडत होत्या, जरा हसाव्यात म्हणून. असली रीत जगातल्या कुठल्याच गाडीला नाही. ती फक्त ताईंनी ऐकली. आणि इथे या खिडकीशी उभं राहून ज्याने त्यांना करताना पाहिलं, त्याला ती कुलपाचाच भाग वाटली.”

“तो तर म्हणाला, तो फुलं आणायला गेला होता.” ताई म्हणाली.

“गेला असेल. पण इथून बघून मगच. आणि मी घोरत असताना माझ्या जाकिटातून चावी काढली.”

थोरला जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला. आम्ही पोचलो तेव्हा त्याने धाकट्याची कॉलर धरली होती. धाकट्याच्या हातात बाबांचा चष्मा होता. त्याने तो सोडला नव्हता, एवढ्या ओढाताणीतही फुटू दिला नव्हता.

“बोल!” थोरला ओरडला. “घरासाठी? एवढ्याशा घरासाठी?”

“घर नको होतं मला,” धाकटा म्हणाला. आवाज अजून तसाच, खालचा. “शेजारच्या आजींनी मला जिन्यात सांगितलं. म्हणाल्या, तुझ्या बापाने मला साक्षीला बोलावलं होतं रे. त्या म्हातारीला. जिला कागद कुठे आहे ते दिसत नाही, तिला बोलावलं.” तो ताईकडे बघत नव्हता, पेटीकडे बघत होता. “मी त्यांच्या डोक्यावर राहतो. त्यांचा खोकला मला फरशीतून ऐकू यायचा. औषधं मी आणायचो, दिवे मी बदलायचो. पण कामाचं काही निघालं की माणूस शेजारून आणायचे. मला हाकसुद्धा मारली नाही. मला वाटलं, तो कागद राहता कामा नये. ज्यात मी साधा साक्षीदारपण नाही, तो कागद.”

थोरल्याचा हात कॉलरवरून सुटला.

वकीलकाका भिंतीला टेकले होते. “तुमच्या बापाने मला फोन केला होता,” ते म्हणाले. “पण अंगठा उठताना मी पाहिला नव्हता, म्हणून मघाशी छातीठोक बोलता आलं नाही. त्याने विचारलं, धाकट्याला साक्षीला बोलावू का, तो वरच आहे. मीच नको म्हणालो. कागदातून ज्याला काही मिळतं त्याला साक्षीला घेत नाहीत. वरचा मजला त्याने तुला कायमचा राहायला लिहिलाय. दुसऱ्या पानावर आहे. तुम्ही लोकांनी पहिल्या पानावरच भांडण सुरू केलंत.”

धाकट्याने मान वर केली. हाकेला ओ द्यावी आणि हाक मारणारा दिसू नये, तसा त्याचा चेहरा झाला. एवढी वर्षं या धंद्यात काढली, पण मेलेल्या माणसाचाही चेहरा मी असा पाहिलेला नाही.

“ताई,” तो म्हणाला. आणि चष्मा तिच्यापुढे धरला.

ताईने त्याच्या हातातून चष्मा घेतला. “पाणी आण,” ती म्हणाली. “साबण आण. असं नाही न्यायचं त्यांना.”

त्याने आणलं. बापाचा अंगठा त्यानेच धुतला, थंडगार हात आपल्या हातात धरून. मी कित्येकांचे हात धुतलेत. शाई रेषांत बसली की निघत नाही, हे मला माहीत होतं. पण मी सांगितलं नाही. तो घासत राहिला. शेवटी ताई म्हणाली, “पुरे. कातडी जाईल.” अंगठा फिकट निळाच राहिला. तसेच नेले त्यांना.

धाकटा मागे पेटीशेजारी बसला, थोरला आणि ताई पुढे माझ्याजवळ. वाटेत कुणी बोललं नाही. मीसुद्धा नाही, आणि हे माझ्या बायकोला सांगितलं तर तिचा विश्वास बसणार नाही.

सगळं आटोपून त्यांना परत घरी सोडलं तेव्हा आभाळ तसंच दाटलेलं. थोरल्याला त्याच दिवशी परत निघायचं होतं. त्याने ताईच्या डोक्यावर हात ठेवला आणि आपल्या गाडीत जाऊन बसला. वकीलकाका त्याच्याबरोबर गेले.

राहिले दोघं. ताई दाराच्या पायरीवर बसली होती. धाकटा समोर उभा. त्याने खिशातून वरच्या मजल्याची चावी काढली आणि तिच्या शेजारी पायरीवर ठेवली.

“मी जातो कुठेतरी,” तो म्हणाला.

ताई चावीकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, “सकाळपासून काही खाल्लंस?”

“नाही.”

“मीपण नाही.”

पुढे ती काही बोलेल असं मला वाटलं. त्यालाही वाटलं असावं, कारण तो हलला नाही. शेजारून आजींनी खिडकीतून विचारलं, “आलात का रे सगळे?” मी गाडी चालू केली, बोळातून हळूच मागे घेतली. वळताना आरशात ती दोघं दिसत होती, ती बसलेली, तो उभा, मध्ये पायरीवर चावी. दोघांपैकी कुणीच ती उचलेना.